बेडूक कुणाच्या अखत्यारीत?

वसंत आला हे मला इथे जर्मनीत फुलांवरून कधी कळलंच नाही. कळायचं ते खालच्या मजल्यावरच्या रोलाडेनवरून. रोलाडेन म्हणजे खिडकीबाहेरचं पट्ट्यापट्ट्यांचं शटर, आपल्याकडे दुकानांना असतं तसलं. फेब्रुवारी संपता संपता एके दिवशी पहाटे, बाहेर मिट्ट काळोख असताना, खालून घर्रर्र आवाज यायचा आणि माझ्या झोपेचं खोबरं व्हायचं. मग दार लोटल्याचा आवाज, मग बादलीच्या कडीचा. एप्रिलपर्यंत रोज हेच. मी उशीत तोंड खुपसून नवऱ्याला म्हणायची, "निघाल्या बघ, बेडूक वेचायला." तो घोरत असायचा. त्याला गेर्लिंगेनच्या ऑफिसात सावकाश गेलं तरी चालतं. मला त्सुफेनहाउझेनला जायची गाडी धरायची असते, त्यामुळे सकाळची झोप म्हणजे माझा जीव की प्राण.

या बाई आमच्या खाली राहतात. सत्तरी उलटलेली, एकट्या, पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना आडनावाने हाक मारतात, आमच्या घरात त्या खालच्या आजी.

आमच्या गावाची रचना आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एका बाजूला जंगल. जंगलाला लागून रस्ता. रस्त्यापलीकडे गवताची अरुंद पट्टी, मग रेल्वेचा रूळ, आणि रुळापलीकडे तळं. जंगलात हिवाळाभर मातीखाली निजलेले बेडूक पहिल्या उबदार, ओल्या रात्री उठतात. खरं तर ते भेक, बेडकांचे खरखरीत चुलतभाऊ, पण मी आपलं बेडूकच म्हणणार. उठतात आणि ज्या तळ्यात जन्मले त्याच तळ्याकडे चालू लागतात. दुसरं तळं जवळ असलं तरी त्यांना ते नको असतं. मध्ये रस्ता झालाय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून आजींनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी कधीकाळी जंगलाच्या कडेने गुडघाभर उंचीचं प्लास्टिकचं कुंपण घालायला सुरुवात केली. कुंपणालगत जमिनीत बादल्या पुरायच्या. बेडूक कुंपणापाशी अडतो, कडेकडेने चालतो आणि बादलीत पडतो. पहाटे बादल्या उचलायच्या, रस्ता ओलांडायचा, फाटकातून रुळापलीकडे जायचं आणि तळ्याकाठी बादली आडवी करायची. मैत्रिणी एकेक करून कमी झाल्या. कुणी वृद्धाश्रमात, कुणी देवाघरी. उरल्या आजी आणि त्यांचे गुडघे. गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं तर पुढे कित्येक महिने जड उचलायचं नाही. मग बादल्या कोण उचलणार? म्हणून ऑपरेशन दरवर्षी पुढे ढकललं जायचं.

त्या वर्षी माझे सासरे आले होते. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटे. साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. पहिल्याच पहाटे घर्रर्र झालं तेव्हा बाबा स्वेटर, कानटोपी घालून हॉलमध्ये बसलेलेच होते, आवाजाच्या मागे खाली गेले. परतले ते गुडघ्यापर्यंत चिखलात.

"अगं, त्या मॅडम बेडकांना रस्ता ओलांडून देतात! शाळेच्या पोरांना देतात तसं!"

"बाबा, अहो न्यूमोनिया होईल तुम्हाला. आणि माझा गालिचा बघा."

गालिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून खाली दोन बादल्यांच्या कड्या वाजू लागल्या. दोघांचं संभाषण म्हणजे आनंदच होता. यांचं सरकारी इंग्रजी, त्यांचं शाळामास्तरी इंग्रजी. पण पटायचं. बाबा 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायला शिकले आणि कशालाही गेनाऊ म्हणू लागले.

एका रविवारी मी थर्मास घेऊन गेले, म्हणजे मला पाठवण्यात आलं. आजी पालथ्या बादलीवर बसून गुडघा चोळत होत्या. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "तुम्हाला फार आवडतं ना हे?" तर त्या चक्क म्हणाल्या, "नाही. मला थांबायचंय. कधीपासून थांबायचंय. पण कुणाच्या तरी हाती सोपवल्याशिवाय थांबू कशी?"

मला कसंतरीच झालं. इतकी वर्षं मी समजत होते की म्हातारीला हौस आहे.

सोपवायची एक संधी होती, आणि ती तेवढी एकच. रुळाशेजारी दुसरा रूळ पडणार होता आणि त्याच सुमाराला रस्ताही रुंद होणार होता. सगळं खणणारच आहात तर त्याच वेळी जंगलापासून तळ्यापर्यंत खालून बेडकांसाठी एक बोगदा काढा, एवढंच आजींचं मागणं. एकदा काम पुरं झालं की पुन्हा कुणी खणणार नव्हतं.

पण रेल्वे केंद्राची आणि रस्ता राज्याचा. दोघांचे पर्यावरण अहवाल वेगळे. आजींनी ते मला वाचायला दिले. मी गाड्यांच्या ब्रेकवर काम करते, कंटाळवाणे अहवाल वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तरी हे वाचून मी थक्क झाले. रस्त्याचा अहवाल म्हणत होता, पलीकडे रूळ आडवा असल्यामुळे बेडूक तळ्याकडे जात नसावेत, सबब रस्त्यामुळे त्यांचं विशेष नुकसान नाही. रेल्वेचा अहवाल म्हणत होता, अलीकडे रस्ता असल्यामुळे बेडूक रुळापर्यंत पोचत नसावेत, सबब रुळामुळे विशेष नुकसान नाही. दोन्हींचे नकाशे सुबक, दोन्हींत पक्ष्यांची नावं लॅटिनमध्ये. आणि दोन्ही नकाशांच्या कडांमध्ये ती गवताची पट्टी, कोरी.

मी बाबांना समजावून सांगितलं. ते अजिबात चकित झाले नाहीत. "केंद्र आणि राज्य," ते म्हणाले. "मग तर सोपंय. केंद्राच्या माणसाला धरायचं. तो हो म्हणाला की राज्य आपोआप गप्प." त्यांच्या उभ्या आयुष्याचा अनुभव होता तो. मला तरी कुठे वेगळं वाटत होतं? आपल्या हाडीमाशी खिळलेलंच असतं की वरच्याला गाठलं म्हणजे काम होतं.

दोन्ही कामांची मिळून एकच जाहीर सुनावणी ठेवली होती, गावच्या हॉलमध्ये, जिथे एरवी मुलांचं जिम्नॅस्टिक चालतं. भिंतींना शिड्या तशाच होत्या. मी सुट्टी काढली, आजींना सोबत म्हणून. बाबाही निघाले, काखेत कापडात बांधलेला डबा घेऊन. मला वाटलं, आमचं जेवण.

सुनावणी चालवणाऱ्या एक बाई होत्या, आखूड पांढरे केस, अगदी हळू आवाज. एका बाजूला केंद्राच्या रेल्वेचा अधिकारी आणि त्याचे तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला राज्याच्या रस्तेखात्याचा अधिकारी आणि त्याचे तज्ज्ञ. समोर आम्ही गावकरी. ज्याची ज्याची हरकत होती त्याला बाई नावाने बोलवत आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकत. मधमाश्या पाळणारा एक गृहस्थ बोलला, बोलला, इतका बोलला की मीच कासावीस झाले. बाईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी विचारलं, "अजून काही राहिलंय का?" आणि अजून राहिलं होतं! त्यांनी तेही ऐकलं.

बाबा माझ्या कानाशी लागले. "अगं, एकानेही घोषणा दिली नाही. आणि कुणी उठून पण जात नाहीये." त्यांनी नोकरीत असल्या सुनावण्यांचे मांडव घातले होते, खुर्च्या मोजून घेतल्या होत्या, माइकवाल्याशी भांडले होते. आणि इथे ते लहान मूल सर्कशीत बसतं तसे बसले होते.

मग आजींची पाळी आली. त्या उभ्या राहून बोलल्या, नीट, मुद्देसूद. राज्याचा अधिकारी म्हणाला की रस्त्याच्या कडेला त्याची हद्द संपते, पट्टीबाबत तो त्सुश्टेंडिश नाही. हा शब्द जर्मनीत आल्यावर आठवडाभरात कळतो. ज्याच्या अखत्यारीत विषय, तो त्सुश्टेंडिश. केंद्राचा अधिकारी म्हणाला की त्याची हद्द रुळाच्या खडीपासून सुरू होते, त्यामुळे पट्टीबाबत तोही नाही. दोघं अत्यंत सभ्य. दोघंही खोटं बोलत नव्हते. आजी म्हणाल्या, "मग बेडूक कुणाचा?" यावर दोघांनी आपापले कागद चाळले. बाईंनी कॉफीसाठी सुट्टी जाहीर केली.

मी कॉफीच्या रांगेत होते. सहज वळून पाहते तर काय, बाबा केंद्राच्या अधिकाऱ्यासमोर उभे! कापड सोडलेलं, स्टीलचा डबा उघडलेला, आत बेसनाचे लाडू. "सर, होममेड. प्लीज टेक." बिचारा अधिकारी! दोन्ही हात वर करून मागे मागे सरकत होता, पिस्तूल रोखल्यासारखा. बाबांना वाटलं भिडस्त आहे. त्यांनी डबा आणखी पुढे केला.

"बाबा, अहो काय करताय!" मी मराठीत ओरडले. अख्खा हॉल वळला.

सुट्टी संपली. बाई माइकवर म्हणाल्या, "सुरू करण्याआधी एक बाब नोंदवायची आहे. विश्रांतीच्या वेळेत एका अधिकाऱ्याला घरगुती मिठाई देऊ करण्यात आली. गोल आकाराची, एक डबा. ती स्वीकारलेली नाही." लिहून घेणाऱ्या मुलीने टकटक टाइप केलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आजींकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक. इतक्या वर्षांच्या पहाटा, आणि आता लोक म्हणणार की या बाईच्या माणसांनी अधिकाऱ्याला लाच देऊ केली. मला बाबांचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही.

"ज्यांनी डबा दिला," बाई पुढे म्हणाल्या, "त्यांनी कृपया कारण सांगावं. दुभाषा हवा का?"

आमची हरकत नोंदवलेली नव्हती. बाबा तर पाहुणे, व्हिसावर आलेले. एरवी त्यांना तिथे तोंड उघडायचा अधिकारच नव्हता. आता खुद्द सरकार त्यांना बोलायला सांगत होतं. ते उठले, शर्ट खाली ओढला आणि मराठीत सुरू झाले. मी शेजारी उभी राहून जर्मन करत गेले, कान लाल झालेले.

"मॅडम, चूक झाली, माफी असावी. लाडू मीच केलेत. सूनबाईला ठाऊक नव्हतं, टीचर मॅडमना तर मुळीच नव्हतं. मी सकाळपासून ऐकतोय. हे साहेब म्हणतात बेडूक आमचा नाही. ते साहेब म्हणतात आमचाही नाही. आमच्याकडे असं झालं की माणूस मोठ्या साहेबाकडे जातो. मला वाटलं केंद्राचे साहेब मोठे. ते नसतील, तर मला एवढंच सांगा, इथे मोठं कोण आहे? म्हणजे मी त्यांना विचारतो."

मी भाषांतर संपवलं. कुणी हसलं नाही, हे मला आधी कळलं. बाईंनी चष्मा काढला.

"या हॉलमध्ये मोठं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "हे दोघे सारखेच आहेत. प्रत्येकाची आपापली हद्द."

"मग मधल्या पट्टीकडे कोण बघतं?"

बाईंनी दोन्ही अहवालांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग त्या माइककडे वाकल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही." आणि टाइप करणाऱ्या मुलीकडे वळून, "हे इतिवृत्तात घ्या. सुनावणीच्या अध्यक्षांना माहीत नाही."

बाबांनी माझा हात घट्ट धरला. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत खुर्चीत बसलेलं माणूस असं माइकवर बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी तरी कुठे ऐकलं होतं! माझा राग कुठच्या कुठे गेला.

"तर मग," बाई म्हणाल्या, "इथे बसून कळणार नाही. उद्या पहाटे जाऊन बघू." आजींना विचारलं, "तुमचं कुंपण एका पहाटेपुरतं उचलता येईल?"

"उचलते," आजी म्हणाल्या. "पण मग गाड्या?"

बाईंनी राज्याच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. रस्ता तर त्याच्याच अखत्यारीत. तो क्षणभर थांबून म्हणाला, "बंद करतो." केंद्राच्या अधिकाऱ्याने आपणहून सांगितलं की रुळाजवळ उभं राहता येईल, रेल्वेचा सुरक्षेचा माणूस तो आणेल. एका निवृत्त मास्तरणीच्या प्रश्नासाठी राज्य रस्ता बंद करणार होतं आणि केंद्र रुळावर माणूस उभा करणार होतं. त्या संध्याकाळी पाऊसही पडला, अगदी सांगितल्यासारखा.

पहाटे आम्ही सगळे त्या पट्टीत उभे होतो. रबरी बूट, टोप्या, हातात टॉर्च, अंगावर भुरभुर पाऊस. बंद रस्ता इतका शांत होता की जंगलातलं पाणी गळताना ऐकू येत होतं. आधी काहीच दिसेना. मला वाटलं, झालं, फजिती. आणि मग रस्त्याची जमीनच हलल्यासारखी वाटली.

मी आयुष्यात इतकं सावकाश चालणं पाहिलेलं नाही. एक पाय, थांबणं, दुसरा पाय. जाड माद्या, त्यांच्या पाठीवर गच्च बसलेले नर, तांब्याच्या रंगाचे डोळे. घाई नाही, गोंधळ नाही, एकाचंही तोंड दुसरीकडे नाही. अख्ख्या डांबरावर ते पसरले होते आणि सगळे एकाच दिशेने येत होते, आमच्या बुटांना वळसा घालून. इतके दिवस मी ज्याला बेडूक वेचणं म्हणून हसत होते ते हे होतं. अरे देवा!

ते पट्टीत उतरले. रस्त्याच्या अहवालाप्रमाणे जे तळ्याकडे जात नसावेत, ते. गवतातून पुढे गेले आणि खडी चढून रुळापाशी आले. रेल्वेच्या अहवालाप्रमाणे जे पोचत नसावेत, ते. तिथे मात्र अडले. रूळ त्यांना उंच होता. मग ते रुळाच्या कडेकडेने चालू लागले, फट शोधत, डावीकडे, उजवीकडे. पलीकडे तळं अगदी समोर होतं. कुणी परत फिरलं नाही.

राज्याचा अधिकारी टॉर्च धरून होता. मग केंद्राचा अधिकारी, तोच, लाडवांना घाबरलेला, खाली बसला. त्याने आजींकडे पाहून विचारलं, "मी उचलू का?" संरक्षित प्राणी आहे, हात लावायची परवानगी आजींकडे होती, त्याच्याकडे नव्हती. आजींनी मान हलवली. सुरक्षेच्या माणसाने दोन्हीकडे पाहून खूण केली. अधिकाऱ्याने एक मादी पाठीवरच्या नरासकट ओंजळीत घेतली, रूळ ओलांडला आणि तळ्याच्या बाजूला अलगद ठेवली. परत आला, दुसरी घेतली. मग राज्याच्या अधिकाऱ्याने टॉर्च माझ्या हातात दिली आणि तोही वाकला.

बाबा पुटपुटले, "आता बघ. आता दोघं त्सुश्टेंडिश." आणि रुमालाने डोळे पुसले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

पुढे पत्रापत्री झाली, तज्ज्ञ पुन्हा आले, रस्त्याखालचा भाग कुणी बांधायचा, रुळाखालचा कुणी, आणि पट्टीखालचा कुणी यावर दोन्ही कार्यालयं भरपूर वाद घालत बसली. पण या वेळी वाद 'आमचा नाही' असा नव्हता. शेवटी निकाल लागला: जंगलापासून तळ्यापर्यंत एक अखंड बोगदा, पट्टीसकट. बांधायला वेळ लागला. तोवर दर वसंतात बाबा येत राहिले, बादल्या उचलत राहिले, आणि आजींचे गुडघे वाईटाकडून आणखी वाईटाकडे जात राहिले.

बोगदा झाल्यानंतरच्या पहिल्या ओल्या पहाटे आम्ही तिघं तळ्याकाठी गेलो. मीही, कुणी न सांगता. आजी काठी टेकत चालत होत्या, दुसऱ्या हातात सवयीने रिकामी बादली. बोगद्याच्या तोंडाशी घडीची खुर्ची टाकून त्या बसल्या. बराच वेळ काही नाही. आजी एकसारखी बादलीची कडी वरखाली करत होत्या. मग आतल्या काळोखातून एक पाय बाहेर आला. थांबला. दुसरा पाय आला.

मागून आणखी आले. आमच्याकडे न बघता पाण्यात शिरले.

पुष्कळ वेळाने आजींनी बादली बाबांच्या हातात दिली आणि त्या उठल्या. बाबांनी त्यांच्या त्या इंग्रजीत विचारलं, "टुमॉरो, मॅडम? सेम टाइम?"

"टुमॉरो," आजी म्हणाल्या, "आय स्लीप."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला सवयीने जाग आली. काळोख होता. खालून काहीच आवाज नव्हता. मी पडून वाट पाहत राहिले. उजाडलं, खिडकीतून वाकून पाहिलं तरी आजींचं रोलाडेन खालीच. दार उघडलं तर खाली गेलेले बाबा हातात चपला घेऊन पायऱ्यांवरून वर येत होते, ओठांवर बोट ठेवून.

त्या दिवशी उन्हं चांगली वर येईपर्यंत आमच्या घरात कुणी मिक्सर लावला नाही.